गॅसवाल्या काकू

पार्सिपनीच्या मराठी मंडळींना घर गरम ठेवणारा फर्नेस बिघडल्याशिवाय माझी आठवण येत नसे. मी नागपूरचा, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केलेला, आणि न्यू जर्सीत एका हीटिंगच्या कंपनीत कामाला. बाकी सगळे मोठमोठ्या डिग्र्यांचे, थर्मोडायनॅमिक्स कोळून प्यायलेले. पण तळघरात उतरून फर्नेसचा पायलट, म्हणजे आतली सतत जळणारी बारीक ज्योत, पेटवायची म्हटलं की "त्र्यंबकराव, जरा येऊन जाता का?" मी जायचो. चहा मिळायचा, चिवडा मिळायचा आणि बैठकीत कोपऱ्यातली खुर्ची मिळायची. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात त्या खुर्चीचाही वाटा आहे.

सुमित्राकाकू म्हणजे गिरीश आठल्येची आई. त्र्याऐंशी सालच्या जूनमध्ये गिरीशनं त्यांना मिरजेहून कायमचं आणलं. तो नुकताच सिटिझन झाला होता, आईचं ग्रीन कार्ड केलं होतं, आणि रेखाला, म्हणजे त्याच्या बायकोला, सहावा महिना लागला होता. तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या हा काही योगायोग नव्हता. काकूंनी मिरजेतल्या भाड्याच्या दोन खोल्या मालकाला परत केल्या, भांडीकुंडी वाटून टाकली आणि देव पिशवीत घालून विमानात बसल्या. मागं राहिले दीर आणि जाऊ, ज्यांच्याशी त्यांचं चौदा वर्षं बोलणं नव्हतं. "आता परत कशाला जायचंय, आई?" असं गिरीश विमानतळावरच म्हणाला होता. हे काकू येईल त्याला सांगायच्या.

सप्टेंबरच्या शेवटी मुलगा झाला. नाव विक्रम, हाक मारायला विकी. डिंकाचे लाडू काकूंचे, शेकशेगडी काकूंची, पायांवर पालथं घेऊन बाळाला न्हाऊ घालणं काकूंचं, आणि तळघरातलं कपड्यांचं मशीनही काकूंचंच. रेखा एका प्रयोगशाळेत मायक्रोबायॉलॉजिस्ट होती आणि रजा संपताच कामावर गेली. "आई आहेत म्हणून जमतंय हो," असं ती फोनवर सगळ्यांना सांगायची. काकूंना स्वतःला मात्र असं काही ती कधी म्हणाल्याचं मी ऐकलं नाही.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी गिरीशचा फोन आला. "फर्नेस चालू आहे, पण गार हवा फेकतोय. मी फिल्टर चेंज करून बघितला." गिरीश मेकॅनिकल इंजिनिअर. मी गेलो. वरच्या खोलीत हवा नीट जावी म्हणून त्यानं थर्मोस्टॅटवरचा पंख्याचा खटका 'ऑटो'वरून 'ऑन'वर नेऊन ठेवला होता. त्यामुळं आग असो वा नसो, पंखा आपला फिरत होता. आणि आग नव्हतीच. तळघरात पाहिलं तर पायलट विझलेला आणि गॅसच्या पाइपवरचा कॉक आडवा, म्हणजे बंद.

"हा कोणी बंद केला?" मी विचारलं.

"मी केला," काकू जिन्यावरून म्हणाल्या. साडीवर गिरीशचा जुना स्वेटर, पायांत त्याचेच मोजे. आवाजात लाज नव्हती, उलट थोडी ऐट होती. "रात्री गॅस बंद करून निजायचं असतं. इथं एकालाही सुचत नाही. वरची शेगडी विजेची, म्हटलं मग गॅस आहे कुठं? काल मशीनमधून कपडे काढताना पाइप दिसला."

मिरजेत त्यांच्या शेजारी रात्रभर गॅस गळून एक स्वयंपाकघर उडालं होतं. तेव्हापासून निजण्याआधी कडी, नळ आणि गॅस, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय काकूंनी कधी अंथरुणाला पाठ टेकली नव्हती. मी त्यांना खाली बोलावलं, पायलट पेटवला आणि वाकून ती निळी ज्योत बघायला लावली. म्हटलं, "काकू, ही चोवीस तास जळायलाच हवी. ही विझली की घर गार पडलं."

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "म्हणजे नंदादीपच की रे," असं म्हणून त्यांनी चक्क हात जोडले.

त्याच क्षणी मला कळलं होतं की ही बाई यापुढं त्या कॉकला हात लावणार नाही. नंदादीप विझवणारी बाई ती नव्हे. हे मला कळलं होतं, एवढं ध्यानात ठेवा.

त्याच शनिवारी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. फराळ झाल्यावर मी सहज गोष्ट काढली. काकूंचा आवाज काढला, स्वेटरमधल्या काकू उभ्या केल्या, जोडलेल्या हातांचीही नक्कल केली. हॉल हसून हसून लोटपोट झाला. कोणीतरी माझी खुर्ची ओढून मध्ये आणली आणि म्हणालं, "परत सांगा, परत सांगा, यांनी ऐकलं नाही." नऊ वर्षांत पहिल्यांदा ही हुशार माणसं माझ्याकडे तोंड करून बसली. काकू पलीकडे चिरोट्यांच्या ताटाशी उभ्या होत्या. त्याही हसल्या. तेव्हापासून त्यांना 'गॅसवाल्या काकू' हे नाव पडलं, ते मी पाडलं.

डिसेंबरच्या मध्यावर पुन्हा फोन आला. पुन्हा गार हवा. गिरीशकडे रविवारचे जेवायला पाहुणे होते. मी खाली गेलो. कॉक उघडाच होता, पायलट मात्र विझलेला. काकू मागोमाग आल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्र्यंबक, मी हात लावला नाही हं."

आता आमच्या धंद्यात अशा वेळी काय करायचं हे शिकाऊ माणसालाही ठाऊक असतं. पायलटच्या ज्योतीत एका तांब्याच्या बारीक नळीचं टोक असतं. त्याला थर्मोकपल म्हणतात. ते तापलेलं आहे तोवर गॅस सुरू राहतो. ते जुनं झालं की पेटत्या ज्योतीलाही विझलेली समजतं आणि गॅस तोडून टाकतं. मग पुन्हा पेटवा, चार दिवस चालेल, आठ दिवस चालेल, पुन्हा तेच. मीटर लावला की दोन मिनिटांत दुखणं कळतं. मीटर माझ्या पिशवीत होता.

पण वरून हाका येत होत्या. "त्र्यंबकराव, काय निघालं? गॅसवाल्या काकूच ना?"

मी नुसता पायलट पेटवला आणि वर गेलो. म्हणालो, "सवय हो, दुसरं काय. रात्री बंद करतात, मग आठवलं की घाबरून परत उघडतात. पण कॉक उघडला म्हणून पायलट आपोआप थोडाच पेटतो?" काय चोख बसलं होतं ते. एक डॉक्टर तर म्हणाला, "वा, हे टिपिकल आहे, या वयात होतं असं." मला जेवायला थांबवून घेतलं. तळघराला कुलूप लावा, असंही मी सुचवलं. रेखा म्हणाली, "मग लाँड्री कोण करणार?" त्यामुळं कुलूप काही लागलं नाही. लागलं असतं तर काकू तिथल्या तिथं सुटल्या असत्या.

नाताळ झाल्यावर कडाक्याची थंडी पडली आणि तिसऱ्यांदा तेच झालं. मी सकाळी पोचलो तेव्हा घरात तोंडातून वाफ निघत होती. विकी खोकत होता, रेखानं त्याला ओव्हरकोटाच्या आत धरलं होतं, आणि तिचे डोळे रडून सुजले होते. मुलाच्या काळजीनं ती अर्धी झाली होती, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं.

"आई, तुम्ही फक्त हो म्हणा," ती म्हणत होती. "एकदा हो म्हणा, मी काही बोलणार नाही."

"जे केलं नाही त्याला हो कशी म्हणू?"

"मग काय मी केलं? गिरीशनं केलं?"

काकू माझ्याकडे वळल्या. "त्र्यंबक, तू सांग. तू यातला माणूस आहेस. कोणी हात न लावता विझू शकते का रे ती?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हो म्हणायचं तर डिसेंबरभर मी काय केलं ते सांगावं लागलं असतं. मग माझा चोख बसलेला निष्कर्ष गेला, गोष्ट गेली, मधली खुर्चीही गेली. मी म्हणालो, "आपोआप कशी विझेल, काकू?"

काकू पुढं झाल्या आणि रेखाच्या कोटातून दिसणाऱ्या त्या एवढ्याशा डोक्यावर त्यांनी हात ठेवला. "या लेकराची शपथ. मी हात लावलेला नाही."

रेखा किंचाळत मागं सरली. "माझ्या मुलाची खोटी शपथ घेता? त्याला काही झालं तर?" दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसणारी बाई ती. पण पोरावर घेतलेल्या खोट्या शपथेची भीती तिनंही आईच्या दुधाबरोबरच घेतली होती. "यापुढं त्याला हात लावायचा नाही. गिरीश, सांगून ठेव यांना."

गिरीशनं सांगितलं. नंतर पुढचंही सांगितलं. आईला इथली सवय होत नाही, तिकडं आपल्या माणसांत बरी, वगैरे. पंधरा जानेवारीचं तिकीट निघालं. मधले अठरा दिवस काकूंनी स्वयंपाक केला, कपडे धुतले आणि बाळाला लांबून पाहिलं. त्याला टबमध्ये आंघोळ घालायला एक बाई ठेवली. तो रडायचा आणि काकू बंद दाराबाहेर टॉवेल घेऊन उभ्या राहायच्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं, कारण त्याच आठवड्यात गिरीशच्या नळाची गळती काढायलाही मीच गेलो होतो.

विमानतळावर सोडायलाही मीच. गिरीशला मीटिंग होती. वाटेतल्या बोगद्यातून बाहेर आल्यावर काकू एकदम म्हणाल्या, "त्र्यंबक, माणसाच्या हातून नकळत होत असेल का रे? म्हणजे झोपेत वगैरे?"

मी म्हणालो, "होऊ शकतं."

का म्हणालो ते आजही सांगता येत नाही. तोवर खरं तर मला काहीच वाचवायचं उरलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गिरीशचा फोन आला. फर्नेस गार हवा फेकतोय.

घरात आता गॅस बंद करणारं कोणी नव्हतं. मी खाली गेलो, मीटर लावला. दोन मिनिटंही लागली नाहीत. थर्मोकपल मेलेलं होतं, आणि ते एका रात्रीत मरत नसतं. टोक पार काळं पडून खाल्लं गेलं होतं. मी नवीन बसवलं आणि जुनं गिरीशच्या हातावर ठेवलं. ते काय आहे तेही सांगितलं. इंजिनिअर तो, पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. पेन्सिलीतल्या शिशाएवढ्या जाडीची ती नळी उलटसुलट करत तो पायरीवर बसून राहिला.

"रेखाला सांगू नका," तो शेवटी म्हणाला.

"आणि काकूंना?"

तो वर गेला आणि निळं एअर लेटर घेऊन आला. काकूंचं अक्षर मोठं, शाळकरी. मी उभ्यानंच वाचलं. जाऊबाईंनी माजघरात अंथरुणापुरती जागा दिली होती. पुढं लिहिलं होतं: "मी फार आठवून पाहिलं. तुम्ही एवढे शिकलेले, आणि त्र्यंबक तर रोज तेच काम करतो. तुम्ही सगळे म्हणता म्हणजे माझ्याच हातून झालं असणार, मला आठवत नाही एवढंच. म्हणजे माझी शपथ खोटी झाली. ती बाळाला बाधू नये म्हणून कडक सोमवार धरला आहे. रेखाला म्हणावं, काळजी करू नको. फर्नेस आता नीट चालतो का, तेवढं कळव."

"आता तिला कळवून काय करू, त्र्यंबकराव?" गिरीश म्हणाला. "एकदा सांगितलं की परत आणावंच लागेल. रेखा तर... आता कुठं घर शांत झालंय." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीच सांगा, काय लिहू?"

मला मंडळाचा हॉल आठवला. गुढीपाडव्याचा कार्यक्रम दीड महिन्यावर आला होता आणि ती गोष्ट सांगायचं आमंत्रण मला आधीच आलं होतं.

"लिही," मी म्हणालो, "फर्नेस आता व्यवस्थित चालतो."

त्यानं तेवढंच लिहिलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

काकूंचं उत्तर यायला दीड महिना लागला. गिरीशनं मला फोनवर वाचून दाखवलं. फर्नेस चालतो हे वाचून जीव भांड्यात पडला, असं लिहिलं होतं. पुढं होतं: मी गेले आणि तो सुरू झाला म्हणजे चूक माझीच होती, आता मनात शंका राहिली नाही. सोमवारच्या जोडीला शनिवारही धरला आहे.