घरधन्याच्या नावानं

"कोड सांगा की, पावणं."

"अहो मावशी, आधार कार्ड दावतोय न्हवं? ह्यो बगा फोटू. मीच हाय की!"

"फोटूतला माणूस ग्वाड दिसतोय, तुमी कडू दिसतायसा. आधार ठेवा खिशात. मोबाईलवर आकडं आल्यात, तेवढं वाचा. त्याबिगर खोकं हालायचं न्हाय."

पावण्याचा मोबाईल घरात चार्जिंगला लावलेला. पुटपुटत, चपला आपटत तो माघारी गेला. दानम्मानं त्याचं खोकं होतं तिथंच ठेवलं आणि पुढच्याला हाक मारली.

मंगळवार पेठेतल्या समाजाच्या कार्यालयात तिचा हा असा दरारा. कार्यालय म्हणजे लग्नाचं. पण आता लोकांना लग्नाला लॉन लागतं, मोटारी लावायला मैदान लागतं, त्यामुळं हॉल वर्षातले दहा महिने मोकळा पडायचा. शेवटी ट्रस्टींनी तो एका कुरिअर कंपनीला दिला. पेठेच्या बोळांत टेम्पो शिरत नाही. सगळ्यांची पार्सलं इथं उतरायची आणि ज्याची त्यानं येऊन न्यायची. नवरा-नवरी बसायची त्या स्टेजवर खोक्यांची थप्पी, आणि थप्पीपुढं दानम्मा.

चाळीस वर्षांमागं ती निपाणीकडनं इथं आली, ती आचाऱ्याची बायको म्हणून. आचारी मेला. दानम्मा मागच्या खोलीत राहिली, समाजाची भांडी सांभाळायला. पातेली, पराती, झारे, वगराळी कुणाच्या घरी गेली आणि कुठलं झाकण आलं नाही, सगळं तिला पाठ. नोंद मात्र कायम घरधन्याच्या नावानं. भांडी मागायला सासू येऊ दे नाहीतर सून, वहीत नाव बाप्याचंच. हरवलं तर जाब कुणाला विचारायचा?

आदल्या आठवड्यात सौंदर्या आली होती. भरमाप्पा शेट्यांची सून, माहेर कबनूर, बाप मागावर कामाला. सासूनं मागवलेलं खोकं न्यायच्या निमित्तानं आली आणि थप्पीच्या आडोशाला सरकली.

"अव्वा, माझं एक पाकीट येणार हाय. आईनं धाडलंय. शाळा-कॉलेजाची मूळ कागदं हायती त्यात."

"कशापायी गं?"

"सरकारी नोकरीची परीक्षा पास झालोय मी. येत्या बेस्तरवारी पुण्यात कागदं तपासणार. मूळ कागद न्हाय दावलं तर नाव काढून टाकत्यात."

"घरात ठावं हाय?"

"ठावं असतं तर भावानं घरीच आणून दिली असती की. त्यो आला की च्या, आणि च्या झाला की मामंजींची चौकशी. पहाटंच्या गाडीनं जातो. मागनं काय व्हायचं ते हू दे. माझ्याच हातात द्या, अव्वा."

दानम्मानं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. "तुझ्याच हातात."

पाकीट आलं ते नेमकं ह्या मंगळवारी, पावणा गेल्यावर घटकाभरानं. जाड, खाकी, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारलेलं. ते तिनं थप्पीच्या तळाला सारलं. मग खडू घेऊन दारातल्या फळ्यापाशी गेली. ह्या फळ्यावर पूर्वी नवरा-नवरीची नावं लिहायचे. आता कुणाचं काय आलंय ते लिहायचं, म्हणजे जाता-येता लोक बघतात. चौथी शिकलेली दानम्मा सावकाश लिहीत गेली. पिराजी तोडकर, दोन. दत्तोपंत, एक. भरमाप्पा शेटे, एक.

चाळीस वर्षं हात असाच चालला होता. आपण काय लिहिलं हे तिला कळलंसुद्धा नाही.

अडतीकडं निघालेल्या भरमाप्पानं ते वाचलं आणि चप्पल बाहेर काढून आत आला. ट्रस्टी माणूस, तोंडात तंबाखू.

"मी काय मागवलं न्हवतं. काय आलंय?"

दानम्मा थप्पीपुढं सरकली. "चुकून लिवलं आण्णा. दुसऱ्याचं हाय."

"दाव की दुसऱ्याचं."

तो स्वतःच वाकला, दोन खोकी बाजूला केली. पाकिटावर सौंदर्याचं माहेरचं नाव आणि खाली धाडणाऱ्याचा कबनूरचा पत्ता. त्यानं पाकीट हातात तोललं.

"कोड लागतोय आण्णा. मिशीनच घेत न्हाय, मी काय करू?"

"माझ्याच कार्यालयात मला कोड? बरं. लाव तिला फोन. म्हण पार्सल आलंय, कोड सांग."

"आण्णा..."

"रविवारी मीटिंग हाय. तुझी खोली पाडून गोदाम वाढवा म्हणत्यात सगळी. मी एकटाच नगं म्हणत बसलोय. किती दिस बसू, सांग."

दानम्मानं फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला पोरीनं.

"आलं व्हय अव्वा? आत्ता आलं?"

"आलं. कोड सांग."

सौंदर्यानं चार आकडे सांगितले. चूक नको म्हणून पुन्हा सावकाश सांगितले. दानम्मानं ते दाबले, मशिन पिक् करून वाजलं, आणि भरमाप्पा पाकीट काखेत मारून गेला.

पाच मिनिटांत सौंदर्या हजर, हातात गिरणीचा डबा.

"द्या, अव्वा."

"आण्णा घिऊन गेलं."

पोरीला आधी कळलंच नाही. "कोड मी तुमास्नी दिलता की."

"व्हय."

"मग?"

"फळ्यावर चुकून त्येंचं नाव पडलं गं. हात वळणाला गेला."

"फळ्यावरचा हात वळणाला गेला. आणि फोन लावलेला हात?"

दानम्माला खोटं सुचलं नाही. "मागं खोली हाय माझी. ह्या वयात कुठं जाऊ?"

"तुमाला खोली तरी हाय. मला न्हाय, म्हणून तर निघालतो."

"अजून दोन दिस हायती. सासूला मधी घालून बग. पाया पड."

"मामंजींच्या कपाटातनं कागद निघायला दोन वर्षं पुरायची न्हाईत, अव्वा. तुमी नगा सांगू आता."

ती रडली असती तर बरं झालं असतं. दानम्माला चार शब्द बोलता आले असते, पाठीवरून हात फिरवता आला असता. पण पोरीनं डबा कमरेवर घेतला आणि गिरणीकडं गेली. दळण घेऊनच घरी जायला हवं होतं, नाहीतर तिथंही जाब द्यावा लागला असता.

दानम्मा उभी राहिली. खोली राहिली म्हणून बरं वाटत होतं, आणि तसं वाटतंय ह्याचीच तिला शिसारी आली.

बोळाच्या तोंडाला टेम्पोनं हॉर्न दिला. ड्रायव्हर ओरडला, "मावशी, चाळीस नग! लवकर या, मागं गाडी अडकल्या!"

"आलो की रं, बोंबलू नगंस," म्हणून तिनं पदर खोचला आणि ढकलगाडी घेऊन खडखडाट करत निघाली.