दोन बोटं बाहेर बसलेलं चाक

शेठनं लष्कराच्या लिलावातून ती गाडी घेतली तेव्हा त्याच्या बांबूच्या डेपोत ती चालवू शकणारा मी एकटाच होतो. छोटा ट्रक, पण चारही चाकं ओढणारा. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सिरोंच्याकडच्या जंगलातून, नाल्या-चिखलातून बांबू रस्त्यापर्यंत आणायचा तर दुसरी गाडी कामाची नव्हती. सगळं बरं चाललं होतं, मग शेठला अक्कल सुचली. मूळचे टायर अरुंद, चिखलात रुततात, म्हणून त्यानं नागपुरातून रुंद टायर आणले, रिमसकट. कोणत्या गाडीचे रिम, या गाडीला कसे बसतील, काही विचारलं नाही. भोकं जुळली, नट बसले, झालं. बटणं लागली की सदरा मापाचा, असला हिशेब.

पहिल्याच फेरीत स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचं चाक आत स्प्रिंगच्या पाट्यांना घासायला लागलं. जळक्या रबराचा वास यायचा. आठ दिवसांत टायरच्या आतल्या अंगाला खोल चर पडला. शेठ माझ्यावरच धावून आला.

"तुले गाडी वळवता येत नाई, अन् टायरले नावं ठेवतो? अजून एक टायर कापला तर उतर खाली. गडचांदूरचा एक ड्रायवर कवाचा माझ्या मागं लागला हाय."

मी राग गिळला. डेपोतली खोली ड्रायवरला होती. ड्रायवरी गेली की खोली जाणार, आणि मी अन् बायको चिमूरला माझ्या भावाच्या दारात उभे राहणार. तिथं आम्हाला कोणी बसा म्हटलं नसतं.

डेपोचा मिस्त्री हुशारीनं म्हणाला, "रिम उलटा लावून टाकू, भाऊ. चाक आपोआप बाहेर येते."

त्याचं निम्मं खरं होतं. रिमच्या आत जी चकती असते, जिच्यात नट बसतात, ती सगळ्या रिमांत एकाच जागी नसते. चकती बाहेरच्या अंगाला असली की चाक गाडीच्या आत जातं. चकती आतल्या अंगाला असली की चाक बाहेर येतं. याला ऑफसेट म्हणतात हे मला नंतर कबाडीवाल्याकडून कळलं. रिम उलटा केला तसं चाक चांगलं चार बोटं बाहेर आलं. मिस्त्रीनं रिकाम्या गाडीत बसून सपाट जागेवर दोन्हीकडे स्टिअरिंग फिरवून दाखवलं. "पाहा, कुठी घासते?"

नाही घासलं. दुसऱ्या दिवशी बांबू भरून नाल्याच्या काठावर चढलो, गाडी पुढून दबली, आणि मडगार्डच्या कडेनं टायरचं रबर सोलून काढलं. शिवाय उलट्या बाजूनं नटांना नीट बैठक मिळेना, ते ढिले व्हायचे. मिस्त्रीला सांगितलं तर म्हणे, मडगार्ड कापून टाकू. त्याला काही विचारा, तो काहीतरी कापायचंच सांगायचा.

बायको तेव्हा खोलीची भिंत सारवत होती. तिनं सगळं ऐकलं.

"काय जी, रिकाम्या गाडीचं माप घेतलं मिस्त्रीनं? पोट भरल्यावर लुगडं कुठी आवळते, ते उपाशी असताना कसं कळन?"

"तू भिंत सारव. गाडीतलं तुले काय समजते?"

"तुमाले तरी काय समजलं? नुसता वास घेऊन राह्यले."

ती उठली, मातीची बादली घेऊन सरळ गाडीखाली घुसली. स्प्रिंगच्या पाट्यांवर आणि मडगार्डच्या आतून तिनं जाड थर लावला, भिंतीला लावते तसा. "आता बांबू भरा अन् फिरवा. जिथली माती जाईन तिथी घासते."

तिला खोटं पाडायचं म्हणून मी गाडी भरली. एक पुढचं चाक दगडावर चढवलं, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवलं. खाली उतरून पाहिलं. मडगार्डची माती साफ पुसून पत्रा चमकत होता. स्प्रिंगवरची माती तशीच, तिच्या बोटांचे वळ धरून.

"इकडं जागा पडून हाय," ती म्हणाली. "चाक थोडं आत घ्या."

"खाट हाय काय सरकवाले?"

"मंग किती आत पायजे ते तरी मोजा. का तेबी मीच मोजू?"

तिनंच मोजलं. चार बोटं बाहेर गेलेलं चाक दोन बोटं आत आलं की दोन्हीकडे मोकळं राहत होतं. म्हणजे चकती ना बाहेरच्या अंगाला, ना आतल्या, मधोमध असलेला रिम पाहिजे. तिनं बांबूची कमची घेतली, रिमच्या कडेपासून चकती किती खोल हवी तिथं कोयत्यानं खाच पाडली आणि माझ्या हातात दिली. ती कमची घेऊन मी चंद्रपूरच्या कबाड्यात दिवसभर रिम उलटेपालटे करत बसलो. चार सारखे मिळायला दोन फेऱ्या लागल्या. बसवले, परत माती लावली, गाडी भरून फिरवली. दोन्हीकडची माती जागच्या जागी. पुढं सिरोंच्याकडच्या फेऱ्या करून करून अख्खा हंगाम गेला, टायरला ओरखडा नाही.

शेठ आला. चाकं वाकून वाकून पाहिली. मिस्त्री, बांबू भरणारे, सगळे जमले होते. बायकोही होती.

"कोनाचं डोकं हे?" शेठनं विचारलं.

मी म्हटलं, "माझं."

विचारसुद्धा करावा लागला नाही, सरळ तोंडातून बाहेर पडलं. शेठ मिस्त्रीला म्हणाला, "शिक काही याच्याकडून." सगळे हसले. शेठनं माझ्या बायकोकडं वळून विचारलं, "खरं काय वं?" ती म्हणाली, "हो जी, यायनंच केलं," आणि आत निघून गेली.

खोलीत आल्यावर मला म्हणाली, "माझं नाव घेतलं असतं तर तुमचं स्टिअरिंग कोनी हिसकून घेतलं असतं काय?"

मी तिच्यावर ओरडलो. काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि त्याचा मला आणखी राग आला.

पुढं दुसऱ्या डेपोंचे ड्रायवर रुंद टायर लावायच्या आधी माझ्याकडे यायला लागले. मी ऐटीत माती लावून दाखवायचो. माती खणायची ती, पाणी आणायची ती. एकानं एकदा तिला विचारलं, "भाऊ कुठी शिकले हे?" ती म्हणाली, "त्यायलेच विचारा." मी तिथंच होतो.

मागच्या वर्षी ती गेली. जलदान विधीला तोच मिस्त्री आला, आता म्हातारा. जेवायला बसलेल्या माणसांना त्यानं माझ्या रिमांची गोष्ट सांगितली, भाऊचं डोकं भारी म्हणून. मी म्हटलं, "माझं नाई, तिचं डोकं होतं. माती तिनं लावली, माप तिनं काढलं."

मिस्त्रीनं माझ्या हातावर हात ठेवला. "दुःखात माणूस असंच बोलते, भाऊ."

"दुःखात नाई बोलून राह्यलो! खरं सांगून राह्यलो!"

पंगतीतली माणसं माना हलवायला लागली, बिचारा म्हणायला लागली. मी आणखी ओरडलो. पुतण्यानं मला धरून आत नेलं, पाणी दिलं, पडून राहा म्हणाला. बाहेर मिस्त्री पुन्हा माझीच तारीफ करत होता.

मिस्त्रीवर चिडून काय करू? त्या दिवशी शेठपुढं खरं बोललो असतो तर लोक हसले असते, चार दिवस मला बायकोच्या अकलेचा ड्रायवर म्हणाले असते. पण विश्वास ठेवावाच लागला असता त्यांना. ती समोर उभी होती, कोणीही विचारलं असतं तर कमची कशी खाचली ते तिनं करून दाखवलं असतं.