विचारलंस ना?

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी घरासमोरचा बर्फ उपसत होतो, तेव्हा रंजनावहिनींचा फोन आला. हातमोजा काढून खिशातून फोन बाहेर येईपर्यंत रिंग थांबली. मी परत लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले. पहाटे, हॉस्पिटलमध्ये." आणि मी विचारलं, "कोण?" आदल्या आठवड्यात याच माणसाशी मी गाडीचे विंटर टायर वेळेत बदलले नाहीत यावरून अर्धा तास वाद घातला होता. तो असा निघून जाईल हे डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं. फावडं तिथंच बर्फात उभं राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यानं ते दाराशी आणून ठेवलं.

तो सुगत मेश्राम. त्याचं नाव मी मुद्दाम पूर्ण लिहितो आहे. का, ते पुढे येईल. मिसिसागातल्या एका ऑफिसात आम्ही सतरा वर्षं शेजारी शेजारी बसलो. तो भंडारा जिल्ह्यातला, नागपूरला सिव्हिल इंजिनिअर झालेला. काही वर्षं पाटबंधारे खात्यात काढून इकडे आला, आणि इथं मिळेल ते करायचं म्हणून मालवाहतुकीच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरला. वेळेचा असा पक्का, की नऊची मीटिंग असली तर आठ पंचावन्नला वही उघडून बसलेला असायचा आणि आम्ही धापा टाकत आलो की घड्याळाकडे न बघता फक्त हसायचा. ते हसू फार झोंबायचं. मी पुण्याचा, त्यामुळे टोमणे मारायचा मक्ता आमच्याकडे असं मी समजत होतो. सुगतनं तो कधी काढून घेतला ते कळलंही नाही.

तीन आठवड्यांपूर्वी लायब्ररीच्या हॉलमध्ये त्याची शोकसभा झाली. बुद्धवंदना झाली, त्याच्या मुलीनं इंग्रजीत दोन शब्द सांगितले आणि मग वहिनी मला म्हणाल्या, "ती ऑटवाची गोष्ट सांगा ना. हे सगळ्यांना सांगायचे." मी उठलो आणि सांगितली. दोन चाळिशीतले बाप्ये ट्रेननं ऑटवाला जातात, राहायला जागा मिळत नाही, म्हणून रात्रभर कालव्याकाठी भटकतात… मला गोष्ट रंगवता येते. लोक हसले, काहींनी डोळे पुसले. खाली बसलो तेव्हा कोणीतरी पाठीवर थाप मारली. राहायला जागा का मिळाली नाही, हे मी सांगितलं नव्हतं. त्या थापेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरीही मी तिथं बसून समोसा खाल्ला.

आता सांगतो. बारा वर्षं झाली त्याला. ऑटवाच्या कालव्याची मोठाली लाकडी दारं अजून हातानं हँडल फिरवून उघडतात, हे सुगतनं कुठंतरी वाचलं होतं. पार्लमेंटच्या टेकडीशेजारी अशा आठ पायऱ्या आहेत. एकेका पायरीत पाणी भरत किंवा सोडत बोटी नदीतून वर कालव्यात चढतात, नाहीतर खाली उतरतात. सुगतचे वडील पाटकरी होते, म्हणजे कालव्याचं पाणी पाळीपाळीनं शेतांना सोडणारे. लहानपणी त्यांच्याबरोबर त्यानं दारांची चाकं फिरवलेली. त्यामुळे हे बघायचंच असं त्याच्या मनानं घेतलं होतं. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "अरे, माझी चुलत बहीण तिथंच राहते. ज्योतीताई. तिच्याकडे उतरू. बेसमेंटमध्ये दोन खोल्या रिकाम्या आहेत." जुलैचा लाँग वीकेंड होता. शुक्रवारी संध्याकाळची ट्रेन, शनिवारी दिवसभर कालवा आणि रात्री परत, अशी तिकिटं त्यानंच काढली.

मग मी ताईला फोन केला. ती खूश झाली. तिच्या सासूबाई त्या वेळी भारतातून आलेल्या होत्या, कडक सोवळ्याच्या. बोलता बोलता ताईनं विचारलं, "मित्र कोण रे? आडनाव काय?" हा प्रश्न आपल्याकडे कसा आणि का विचारला जातो, हे मराठी वाचकाला सांगायला नको. मी मेश्राम म्हणू शकलो असतो. तीन अक्षरं. पण सासूबाई, त्यांची पूजा, स्वयंपाकघर, जेवताना सुगतच्या ताटाकडे बघणारे डोळे असं सगळं मी अर्ध्या सेकंदात रचलं आणि म्हणालो, "अगं, तो ऑफिसातला आहे… आणि बहुतेक आम्ही हॉटेलातच राहू. तुला कशाला त्रास." ताई म्हणाली, बरं. पुढचे तीन दिवस मी हॉटेल शोधत होतो. लाँग वीकेंडला ऑटवात खोली मिळणं म्हणजे अमावस्येला चंद्र शोधण्यातला प्रकार होता.

ट्रेन निम्म्यावर आल्यावर मी खोटं बोललो. ताईचा मेसेज आल्याचं दाखवलं आणि म्हणालो, "तिच्या मुलीला कांजिण्या आल्यात." सुगत फ्लास्कमधून चहा ओतत होता. म्हणाला, "मले होऊन गेल्या ना लहानपणी. तुले?" मलाही होऊन गेल्या होत्या. मी नाही म्हणालो. एका खोट्याला दुसऱ्याची काठी लागतेच. हॉटेलं भरलेली आहेत हे मात्र खरं होतं, ते मी फारच कळवळून सांगितलं. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. शेतांवर उशिराचं ऊन होतं. "मग फिरू की रात्रभर," तो म्हणाला. "कालव्याले काय शटर असते का बे?"

आणि तो खरंच फिरला. अकराच्या सुमाराला आम्ही पाठीवर सॅक टाकून कालव्यावर पोचलो. काठावरच्या किल्ल्यासारख्या मोठ्या हॉटेलाच्या खिडक्यांत उजेड होता. खाली आठही पायऱ्या अंधारात एकाखाली एक उतरत नदीपर्यंत गेलेल्या. दारांच्या फटींतून पाणी झिरपत होतं, आणि त्याचा आवाज सुगत उभा राहून ऐकत होता, वैद्य नाडी बघतो तसा. दारांवरूनच पलीकडे जायला अरुंद फळी असते. आठही दारांवरून तो एकदा या काठानं, एकदा त्या काठानं गेला. प्रत्येक हँडलला हात लावला. मला समजावून सांगत होता, की बोट ढकलावी लागत नाही, दार नीट बंद झालं आणि पाणी भरलं की ती आपली आपण वर येते. माझं निम्मं लक्ष फोनकडे होतं. ताईचा काही मेसेज येईल आणि तो बघेल, ही भीती.

काठाजवळ कालवा खोदताना मेलेल्या मजुरांची आठवण म्हणून एक दगडी क्रॉस आहे. मोबाइलचा टॉर्च धरून त्यानं सगळा मजकूर वाचला. कितीतरी लोक हिवतापानं गेले होते. "कालवा बांधवून घेणाऱ्या साहेबाचं नाव सगळ्यांले माहीत," तो म्हणाला. "खोदणाऱ्यांचं कोणाले विचारायचं?" मग आम्ही एका बाकावर बसलो. पार्लमेंटच्या घड्याळाचे दोन टोले पडले. चहा संपत आला होता. मग तो सहज बोलावं तसं बोलला.

"बाबा ज्यांच्या शेताले पाणी सोडायचे ना, त्यांच्या ओसरीवर ते कधी बसले नाही. पाणी आलं का, एवढं अंगणातूनच विचारायचे. मी एकदा म्हटलं, बाबा, तुम्ही बसत काऊन नाही? तर म्हणे, कोणी नाही म्हटलं नाही रे… पण कोणी बस बी म्हटलं नाही."

तेव्हा सांगायची संधी होती. सगळं शहर झोपलेलं, आम्ही दोघंच, आणि त्यानं स्वतः दार उघडून दिलेलं. मी म्हणालो, "तेव्हा तसंच होतं रे सगळं." त्यानं माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "हो ना. तेव्हा." फ्लास्कचं झाकण पुसून बंद केलं.

दारं चालू होतात ती सकाळी उशिरा. म्हणजे आणखी काही तास थांबलो असतो तर ज्यासाठी आलो ते त्याला दिसलं असतं. पण मला त्या गावातून पळायचं होतं. पाय दुखतात, डोकं दुखतं असं म्हणून मी पहाटेच तिकिटं बदलून घेतली. तो एवढंच म्हणाला, "चाल, तू थकला." आणि हुशारी अशी, की ताईला वाईट वाटू नये म्हणून मी तिला मेसेज केला, सकाळच्याच ट्रेननं निघतोय, भेट राहिली.

ज्योतीताई स्टेशनवर आली. हॉटेलात काय धड खाल्लं असेल म्हणून थालीपिठांचा डबा घेऊन आली आणि बरोबर तिची सहा वर्षांची मुलगी, ईरा. गुळगुळीत गालांची, एका पायावर लंगडी घालत, प्लॅटफॉर्मच्या दारापर्यंत आली. सुगत तिच्यासमोर उकिडवा बसला आणि विचारलं, "काय बेटा, बरं वाटते का आता?" ती म्हणाली, "आय वॉझन्ट सिक." ताई हसली आणि मला म्हणाली, "तुझं हॉटेल बरं होतं का?" सुगत उठला. माझ्याकडे त्यानं पाहिलंच नाही. त्यानं ताईला हात जोडून स्वतःची ओळख करून दिली, नाव आणि आडनाव, दोन्ही, स्पष्ट. डबा दोन्ही हातांनी घेतला. ट्रेन सुटल्यावर उघडून निम्मी थालीपिठं माझ्यासमोर ठेवली. "चांगली झाली," म्हणाला. मिसिसागापर्यंत तो त्या विषयावर बोलला नाही, आणि नंतरच्या बारा वर्षांतही नाही. मीही नाही. मला वाटलं, त्यानं सोडून दिलं.

फक्त एक सवय त्याला लागली. कुठंही बोलावलं, कोणाच्या घरी, कोणाच्या गणपतीला, कॉटेजवर, की तो विचारायचा, "त्यांना विचारलंस ना?" ती त्याची लकब आहे असं मी इतरांना सांगायचो. माझ्या बायकोनं, मेघनानं, एकदा त्याची नक्कलही केली होती, त्याच्यासमोर. तोही हसला होता.

शोकसभेच्या रात्री मी ताईला फोन करून सगळं सांगितलं. इतकी वर्षं मनातल्या मनात मी तो दोष तिच्यावर टाकत आलो होतो. तिनंच तर आडनाव विचारलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अरे, मित्र नागपूरला शिकलेला असं तूच म्हणाला होतास, आणि आमचे हे तिथल्याच कॉलेजातले. ओळखीचा असेल म्हणून विचारलं मी." पुढे म्हणाली, "सासूबाई काही बोलल्या असत्या. तेव्हा मी काय केलं असतं, खरंच माहीत नाही. पण तू मला ते ठरवूच दिलं नाहीस." नंतर तिनं विचारलं, "तो थालीपिठांचा डबा तुझ्या मित्रानंच परत पाठवला होता ना पोस्टानं?" मला हे ठाऊकच नव्हतं. त्यात त्यानं रंजनावहिनींनी केलेल्या करंज्या भरून पाठवल्या होत्या आणि एका चिठ्ठीत लिहिलं होतं, की पुढच्या खेपेला कालव्याची दारं उघडताना बघायला येईन, तेव्हा तुमच्याकडे उतरेन. तो पुन्हा ऑटवाला गेला नाही. मी कधी चल म्हटलं नाही.

त्याचा शेवटचा मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे, जाण्याच्या चार दिवस आधीचा. मेघनाचे आईबाबा पुण्याहून आले होते. मी लिहिलं होतं, शनिवारी तू आणि वहिनी जेवायला या. त्याचं उत्तर आलं, "आईबाबांना विचारलंस ना?" त्याखाली मी पाठवलेला अंगठा आहे, पिवळा.

विचारलं नव्हतं, सुगत. ताईलाही नव्हतं, मेघनाच्या आईबाबांनाही नव्हतं. दर वेळी तुझं नाव सांगायची वेळ आली, की मी त्यांच्या वतीनं स्वतःच उत्तर देऊन टाकत होतो.