झाकलेलं ताट

दुपारची उन्हं टेबलावर उतरली आहेत आणि पडद्यावर अपडेटची निळी रेघ हळूहळू पुढे सरकते आहे. आमच्या गावातल्या लिहित्या माणसांचे ब्लॉग मी सांभाळतो. ब्लॉगच्या सॉफ्टवेअरचं नवं अपडेट आलं की आठ दिवस हात लावायचा नाही, आधी दुसऱ्यांच्या साइट्स बंद पडू द्यायच्या, हा माझा जुना शहाणपणा. ब्लॉगवाल्यांच्या संमेलनांबद्दलही मत ठरलेलं: गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, पिशवीत फुकटचे स्टिकर, बाकी काही नाही.

गेल्या संमेलनात जेवणाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईंना मी हे ऐटीत सांगितलं. हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांपैकीच त्या निघाल्या. हसून म्हणाल्या, "सगळेच आठ दिवस थांबलात तर चूक मला सांगणार कोण? अपडेट सोडलं की त्या दिवशी मला घास उतरत नाही हो."

तेव्हापासून या रेघेच्या पलीकडे कोणीतरी झाकलेल्या ताटासमोर बसलंय, असं वाटत राहतं. म्हणून आज पहिल्याच दिवशी बटण दाबलंय. पडदा क्षणभर पांढराशुभ्र होतो. मग एकेक ब्लॉग पाण्यातून वर यावा तसा दिसू लागतो.

मी बाईंना निरोप टाकतो, "सगळं नीट चाललंय. जेवून घ्या."