बाबांचे पंचवीस शब्द

बाबा गेले त्याला आता सहा आठवडे झाले. नोकरीवाल्यांच्या सोयीसाठी आठवड्यातून दोन दिवस मी सकाळी सातला क्लिनिक उघडते, त्यातलाच तो एक दिवस होता. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे लोकांना किती ऐकू येतं ते तपासते आणि गरज असेल तर श्रवणयंत्र बसवते. तपासणीच्या वेळी फोन बाहेर ठेवते. एका गृहस्थांची तपासणी संपवून बाहेर आले तर रफीकभाईंचे चार मिस्ड कॉल होते. रफीकभाईंचं स्टेशनरीचं दुकान नवीन पनवेलमधल्या आमच्या बिल्डिंगच्या खाली, बागेसमोर आहे. बाबांच्या वह्या, रिफिली, गोंद, सगळं वर्षानुवर्षं तिथूनच. "मीनलबेटा, घाबरू नको. सर बागेत बाकावर बसल्या बसल्या कलंडले. आम्ही हॉस्पिटलात आणलंय त्यांना. तू फक्त ये," ते म्हणाले. "घाबरू नको" हे दोनदा म्हणाले, तेव्हा मला कळायचं ते कळलं.

आमच्या घरात आम्ही दोघंच. आई मी नववीत असताना गेली. बाबा कॉलेजात मराठी शिकवायचे, भाषाशास्त्र हा त्यांचा खास विषय, आणि मी त्यांच्या मागून त्याच वाटेनं जाणार हे त्यांनी माझ्या वतीनं कधीच ठरवून टाकलं होतं. बारावीला मी सायन्सला होते, पण त्यानं त्यांना फरक पडत नव्हता. सायन्स करून आर्ट्सला आलेली मुलं पक्की निघतात, असा त्यांचा सिद्धांत होता. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ते आपल्या कॉलेजचा बी.ए.चा फॉर्म घेऊन आले, तो स्वतःच्या सुरेख अक्षरात भरला आणि सहीची जागा तेवढी माझ्यासाठी मोकळी ठेवली. मी तोवर मुंबईतल्या एका संस्थेत श्रवण आणि वाचा या विषयातल्या पदवीचा फॉर्म भरून मोकळी झाले होते. तीन वर्षं शिकायचं, एक वर्ष हॉस्पिटलात पेशंट तपासायचे आणि बाहेर पडल्यावर काम तयार, असा तो अभ्यासक्रम.

यामागे फार थोर प्रेरणा होती असं सांगायला मला आवडलं असतं. खरं कारण आमच्या बैठकीच्या खोलीत बसून जायचं. बाबांचे एम.ए. झालेले हुशार विद्यार्थी पेढे घेऊन यायचे, आणि दोन वर्षांनी तेच विद्यार्थी शिफारसपत्र मागायला यायचे, आवाज बारीक करून. चहाचे कप मी आत-बाहेर करायचे, त्यामुळे मला पेढ्यांचे चेहरेही ठाऊक होते आणि शिफारसपत्रांचेही. मला दुसऱ्या यादीत जायचं नव्हतं, एवढंच. हे मी बाबांना असंच, जराही मऊ न करता सांगितलं. अठराव्या वर्षी माणूस जितका निर्दय असतो तितका पुन्हा कधी नसतो.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "प्रगती, प्रकाश, प्रबोधन. मराठीत 'प्र' लागला की शब्द मोठा होतो. एकच शब्द असा आहे की 'प्र' लागला की लहान होतो. शिक्षणाचं प्रशिक्षण होतं." मग तो भरलेला फॉर्म घडी घालून खिशात ठेवला आणि दूध आणायला खाली गेले. पुढची चार वर्षं त्यांनी मला काही कमी केलं नाही, फक्त काय शिकतेस हे एकदाही विचारलं नाही. लग्नकार्यात कुणी कौतुकानं "लेक कानाची डॉक्टर होणार म्हणे" असं म्हटलं, की बाबा ताबडतोब दुरुस्ती करायचे, "डॉक्टर नव्हे. कानाचं काहीतरी करते." मुद्रितशोधकाची सवय. पण मला लागायचं. आपण जे निवडलं ते बापाला शिकणं वाटावं, यापलीकडे मला त्या वयात फारसं काही नको होतं, आणि नेमकं तेवढंच मिळत नव्हतं.

पुढे मी जुन्या पनवेलात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर क्लिनिक थाटलं. उद्घाटनाला बाबा आले, बोर्डावरचा एक ऱ्हस्व दीर्घ करायला लावला आणि आइस्क्रीम खाऊन गेले. त्यानंतर चार-पाच वर्षांत ते निवृत्त झाले आणि घरचा टीव्ही हळूहळू शेजाऱ्यांनाही ऐकू यायला लागला. "भाजी कुठली करू?" असं विचारलं की ते घड्याळ बघून "पावणेआठ" म्हणत. माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही, पण तपासणीला यायला ते तयार नव्हते. "मला ऐकू येतं. हल्ली लोकच व्यंजनं खातात," हे त्यांचं उत्तर. शेवटी रफीकभाईंनीच एकदा सुनावलं, "सर, मी अर्धा डझन वह्या विचारतो, तुम्ही तब्येत बरी हाय सांगता. एकदा दाखवा ना लेकीला." लेकीचं नाही, पण दुकानदाराचं ऐकून ते आले.

आमच्या तपासणीत शेवटी शब्दांची परीक्षा असते. पेशंट काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसतो, मी बाहेरून तोंडासमोर कागद धरून एकेक शब्द माइकमध्ये म्हणते, त्यानं तो परत म्हणायचा. मी "साल" म्हटलं, बाबा म्हणाले "काल". मी "शाळा" म्हटलं, ते म्हणाले "माळा". चौथ्या शब्दाला त्यांनी हात वर केला.

"वाक्यात सांग."

"वाक्यात नसतं सांगायचं."

"अगं, संदर्भाशिवाय शब्दाला अर्थ नसतो."

"अर्थ नकोय बाबा. नुसता आवाज हवाय."

पंचविसातले चौदा बरोबर आले. हा त्यांच्या आयुष्यातला पहिलाच सेकंड क्लास असावा. माणूस भाषेत मुरलेला असला की कानानं सोडलेलं तो डोक्यानं भरून काढतो, आणि समोरच्याला सोडाच, त्याला स्वतःलाही ते कळत नाही. बाबांची कित्येक वर्षं अशी अंदाजावर उत्तम चालली होती. मी हे समजावून सांगितलं, यंत्र दाखवलं. त्यांनी नापास झालेल्या पोरासारखा पेपरावर ठपका ठेवला, "ही यादीच सदोष आहे."

यंत्र न घेता ते बाहेर रिक्षाची वाट बघत बसले. तेवढ्यात जवळच्या उलवे गावच्या एक आजी आत आल्या, सुनेला घेऊन. दार उघडंच होतं. मी "वही" म्हटलं, आजी म्हणाल्या "वई". मी चूक म्हणून खूण केली. "म्हैस"ला "मैस" म्हणाल्या, पुन्हा चूक. "ग्रंथ" म्हटल्यावर त्या सुनेकडे बघून म्हणाल्या, "ह्यो काय शबुद हाय? आमच्यान नाय असला." पुन्हा चूक. एरवी माझ्या लक्षात आलं असतं, पण त्या महिन्यात पेशंट फार होते आणि हात आपोआप खुणा करत होता. बाबा उठून दारात आले. कानामागे हाताचा पंजा धरून ऐकत होते. आजी गेल्यावर म्हणाले, "त्या बाईंना व्यवस्थित ऐकू आलं. त्यांनी ते त्यांच्या बोलीत सांगितलं. तू त्यांचे कान तपासत नव्हतीस, त्यांचं प्रमाण मराठी तपासत होतीस."

ते बरोबर होते. त्या दिवशी मला राग आला, लाजही वाटली. दुसऱ्या दिवशी आजींना परत बोलावून घेतलं. आणि बाबांनी माझी पहिल्या वर्षाची ध्वनिविज्ञानाची पुस्तकं मागितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पुढचे सात-आठ महिने ते नव्या यादीसाठी वही घेऊन फिरले. मासळीबाजारात, उलव्यात, शिरढोणला, एसटीच्या थांब्यावर. बायकांना म्हणायचे, "तुमच्या घरात रोज तोंडी येणारा शब्द सांगा." बायकांना आधी हे गृहस्थ सरकारी वाटायचे, मग नातवंडांच्या तक्रारी सांगायला लागायच्या. सूप, तवा, खाडी, जाळं, मीठ... असे शब्द जमले. ते नुसते ओळखीचे असून भागत नाही, सगळ्या आवाजांचं प्रमाणही त्यात राखावं लागतं. ते गणित मी शिकलेली होते, ते नव्हते. रविवारी जेवणानंतर आम्ही टेबलावर समोरासमोर बसायचो आणि एकेका शब्दावरून भांडायचो. "नांगर" त्यांनी स्वतः खोडला. उलव्यात आता शेतं जाऊन बांधकामं आली, नातवंडांना नांगर माहीत नाही, म्हणाले, आणि त्या जागी "क्रेन" लिहिलं. जन्मभर शुद्धलेखनासाठी मुलांचे गुण कापणाऱ्या माणसानं. "वई" म्हटलं तरी बरोबर धरायचं, अशी तळटीपही घातली. यादी पुरी झाली त्या रविवारी मी विचारलं, "आता सांगा, हे शिक्षण की प्रशिक्षण?" बाबांनी यादीवर बोट ठेवलं आणि "मीठ" व "पीठ" दोन्ही ठेवले तर गोंधळ होईल का, हे विचारलं. मीही मग "पीठ" काढून टाकलं.

यंत्र मात्र घेईनात. दोन वर्षांनी पुन्हा तपासणीला बसले ते अटीवर: यादी त्यांची वापरायची. स्वतः काढलेल्या पेपराला स्वतःच बसणं चूक आहे, हे मी सांगून पाहिलं. ऐकणार कोण? काचेपलीकडे ते ताठ बसले, मी तोंडासमोर कागद धरला आणि सुरुवात केली. सूप. "सूप." तवा. "तवा." पंचवीसपैकी पंचवीस. काचेतून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बास. मी खूण करायला मशीनकडे वळले तेव्हा दिसलं, की माइकचं बटण मी चालूच केलं नव्हतं. माझी चूक, शिकाऊ मुलीनंही करू नये अशी. त्यांच्या हेडफोनमध्ये एक अक्षरही गेलेलं नव्हतं.

लपवता आलं असतं. मी आत गेले, त्यांच्या समोर बसले आणि मोठ्यानं सांगितलं, "बाबा, माइक बंद होता."

त्यांनी काचेपलीकडच्या मशीनकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग मी काय ऐकलं?"

"तुमचीच यादी."

ते हसले, पण हसू लवकर संपलं. हेडफोन काढून त्यांनी नीट टेबलावर ठेवला. "दे बाई तुझं यंत्र," म्हणाले.

दिलं. पण ते वापरतात का, याचा मला कधी भरवसा वाटला नाही. मी तोवर क्लिनिकजवळ राहायला गेले होते; रविवारी येऊन दार उघडायचे तेव्हा ते यंत्र डबीतून काढून कानात घालत असायचे. एकदा न कळवता गेले तर कान मोकळा होता. "आत्ताच काढलं," म्हणाले. मी हो म्हटलं. माझं मन राखायला आठवड्यातून दोन तास ते यंत्र लावत होते, अशी माझी समजूत झाली, आणि खरं सांगायचं तर मी ती स्वीकारलीही होती. बापलेकीत एवढा खोटेपणा चालतो. शेवटची भेटही अशाच एका रविवारची. त्यांनी आमटीत मीठ कमी असल्याचं सांगितलं, मी वाढलं, दुपारी चहा घेऊन मी निघाले. लक्षात ठेवण्यासारखं त्यात काही घडलं नाही.

त्या सकाळी हॉस्पिटलात पोचले तोवर सगळं संपलं होतं. रफीकभाई कॉरिडॉरमध्ये उभे होते, डोळे लाल. त्यांनी माझ्या हातात एक प्लास्टिकची पिशवी दिली. "बेटा, ह्यात सरांचा चष्मा हाय, घड्याळ हाय, चावी हाय. आणि कायतरी वाजतंय बघ मघापासून. मला बंद करता नाय आलं."

पिशवीतून बारीक शिटी येत होती. प्रत्येक पेशंटला मी पहिल्या दिवशी शिकवते: कानातून काढलंत की सेलचं झाकण उघडून ठेवा, नाहीतर यंत्र चालू राहतं आणि मुठीत, खिशात, डबीत कुठेही कोंडलं गेलं की शिटी मारतं. ज्यानं कुणी ते त्यांच्या कानातून काढलं त्याला हे माहीत नव्हतं. म्हणजे सकाळी साडेसहाला, बागेत, मी येणार नव्हते त्या दिवशी, ते त्यांच्या कानात होतं आणि चालू होतं. झाकण उघडायला एक क्षण लागतो. मी उघडलं नाही. पिशवी मांडीवर घेऊन तिथल्या बाकावर बसले आणि रडले.

घरी आल्यावर यंत्र त्यांच्या टेबलावर, त्याच्या डबीत ठेवलं. येणारे-जाणारे लोक विचारायचे, हा कसला आवाज? मी सांगायचे, बाबांचा आहे. चौथ्या दिवशी सकाळी सेल संपला.