आजी बोलल्या ते मी सांगितलं नाही

आमचं गाव चिंचवडच्या पलीकडे. फाळणीनंतर गावालगतच्या माळावर निर्वासितांसाठी बराकी उभ्या राहिल्या आणि सिंधमधून आलेली कुटुंबं तिथे राहू लागली. त्यांच्या मुलांना मराठी शिकवायला कुणीतरी हवं होतं. मी सातवीची फायनल पास झालेली, लग्न लांबलेली मुलगी, मला घेतलं. दोन-तीन वर्षांत मुलं मराठी बोलू लागली आणि मी सिंधी.

बराकींचा विषय निघाला की मला आधी वास आठवतो. प्रत्येक ओळीच्या मागे पत्र्याचे दोन संडास, खाली पाट्या. पाट्या उपसायला माणूस कधी येई, कधी येत नसे. मग सगळं बाहेर ओघळायचं, वाळायचं, त्यावर पुन्हा ओघळायचं. मुलांच्या ओठांवर माश्या बसत आणि मुलं त्या हाकलतही नसत. घरी आल्यावर मी पातळ बाहेर दोरीवर टाकून अंघोळ करायची, तरी जेवताना भाताला तोच वास येतोय असं वाटायचं.

माझ्या शाळेच्या ओळीत एक आजी राहत. आपल्या गावात त्या सुईण होत्या. पन्नास घरांत त्यांचा हात लागला होता. इथे त्या नातसून आणि तिच्या पोराबरोबर गोणपाट लावून केलेल्या अर्ध्या खोलीत राहत. मला ‘बेटी’ म्हणत. मी त्यांना अम्मा म्हणायची.

एकदा पुण्याच्या एका मंडळाच्या बाई शाळेत आल्या. रविवारी दुपारी कार्यक्रम ठेवायचा होता. निर्वासितांनी स्वतः उभं राहून आपली कहाणी सांगायची, ‘आम्हाला आसरा कसा मिळाला’. पाहुणे पुण्याहून येणार होते.

“आजी आपल्या भाषेत बोलतील, तुम्ही मराठीत सांगा,” बाई म्हणाल्या. मग मला बाजूला घेऊन हळूच, “आणि हे बघा, शेवट कृतज्ञतेचा हवा. संडासबिंडासाचा विषय काढू देऊ नका. मागाहून फराळ आहे.”

मी हो म्हटलं. एवढी मोठी माणसं मला विचारताहेत याचाच आनंद झाला होता.

रविवारी शाळेत सतरंज्या घातल्या, पाहुण्यांना खुर्च्या मांडल्या. दारात कुणीतरी फिनेल ओतलं होतं. घाणीच्या वासावर फिनेलचा वास, त्यावर गुलाबपाण्याचा. शेजारच्या चुलीवर चाकणच्या कांद्याची भजी तळली जात होती.

आजी उभ्या राहिल्या. डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि थांबत थांबत बोलू लागल्या, मला मराठीत सांगायला वेळ मिळावा म्हणून. जहाजाचं सांगितलं, मुंबईच्या धक्क्याचं सांगितलं. तोवर मी नीट सांगत होते. मग त्या म्हणाल्या, “इथे आम्हाला कुणी मारायला आलं नाही. हे खरं आहे, ते आधी सांगते. पण मी संध्याकाळचं जेवण सोडलंय. खाल्लं की तिकडे जावं लागतं. माझी नातसून गोणपाटामागे बाळंत झाली. पलीकडून माणसं डबा घेऊन जात होती आणि मी तिच्या तोंडात ओढणीचा पदर कोंबत होते, आवाज जाऊ नये म्हणून. जनावरसुद्धा आडोसा शोधून वितं. बेटी, यांना विचार, याला तुमच्या भाषेत काय म्हणतात?”

खुर्च्यांतले चेहरे माझ्याकडे वळले. मी म्हणाले, “आजी म्हणतात, आम्ही सगळं गमावून आलो, पण इथे आम्हाला छप्पर मिळालं, मायेची माणसं मिळाली. घरात पणतू जन्मला. आम्ही आपले ऋणी आहोत.”

टाळ्या पडल्या. पुढच्या ओळीतल्या एका बाईंनी डोळे पुसले. ती वाक्यं मला कुणी शिकवली नव्हती. आपोआप आली, तोंडात गूळ धरल्यासारखी. आज आठवली तरी थुंकावंसं वाटतं.

आजी खाली बसल्या. माझा हात धरून कानाशी म्हणाल्या, “बाळंतपणाचं ऐकून लोक टाळ्या कशाला वाजवतात?”

“अम्मा, मी ते सांगितलंच नाही.”

त्यांनी हात सोडला. रागावल्या नाहीत. फक्त थोड्या लांब सरकून बसल्या, जशी मी रोज त्या पत्र्यांपासून लांब सरकायची.

भज्यांच्या बशा फिरत होत्या. मी उठले. “आजींचं थोडं राहिलंय,” म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं, नीट जुळवता आलं नाही, पण जेवण सोडल्याचं, गोणपाटाचं, पदराचं. शेवटचा प्रश्नही सांगितला. एका गृहस्थांनी अर्धं भजं बशीत ठेवलं. मंडळाचे अध्यक्ष घसा साफ करत म्हणाले, “अशा तक्रारी लेखी द्याव्यात. फराळाच्या वेळी...” मंडळाच्या बाई माझ्याकडे बघेनात. पाव तासात मोटारी निघून गेल्या, आणि उरलेली भजी बराकीतल्या मुलांनी संपवली.

घरी येऊन मी ओटीवरच ओकले. वडील गोठ्यातून आले. त्यांना सगळं सांगितलं.

“त्या म्हातारीला म्हनावं, वढ्याच्या पल्याडचा तुकडा पडूनच हाय,” ते म्हणाले. “आमी खड्डं खांदून देतो. वर माती टाकत ऱ्हावा म्हनावं.”

“गाव बोलेल, आबा.”

“बोलंल की. मला काय ठावं न्हाई व्हय?”

दोन दिवसांत त्यांनी आणि बराकीतल्या चार जणांनी खोल चर खणला, तट्ट्या लावून बायकांसाठी वेगळा आडोसा केला. आजी येऊन पाहून गेल्या. पुढच्या आठवड्यात शाळेत येऊन म्हणाल्या, “काल रात्री भाकरी खाल्ली.” मला पुन्हा बेटी म्हणायला लागल्या, पण त्याला बरेच दिवस गेले.

आबांनी संडासाचा चर खणला म्हणून गावात मात्र आम्हाला पंगतीला बोलावणं बंद झालं. चुलत्यांनी आमच्या विहिरीचं पाणी पिणं सोडलं. ओढ्याकडे जाताना ते नाकाला उपरण्याचं टोक लावत. हातातल्या शेणाच्या पाटीचं त्यांना काही वाटत नसे.