माहेरकोबी

एका सकाळी शेवंताकाकूच्या सुनेचा, पेमाचा फोन आला. "ताई, आई गेल्या... वाफ्याला पाणी देऊन आल्या, ओसरीवर टेकल्या, अन् बसल्या जागी..." त्याला आता महिना उलटून गेलाय. पण शेवंताकाकू, माझी थोरली चुलती, आठवते तेव्हा रडू येत नाही. पदर खोचून परसात वाकलेलीच दिसते ती.

डोंगरकड्याजवळचं आपलं गाव सोडून काकू फारशी कुठं गेली नव्हती. तिचा मुलगा नामदेव फौजेत ड्रायव्हर. सिक्कीमला बदली झाली अन् तिथल्याच पेमाशी त्यानं लग्न केलं. भावकीत कुजबुज झाली. काकू लग्नाला गेली नाही. सून दारात आली तेव्हा भाकरतुकडा ओवाळून तिला आत घेतलं, एवढंच. नामदेव ड्युटीवर परतला आणि मागं राहिल्या या दोघी, एकमेकींची भाषा न कळणाऱ्या. पेमाला ज्वारीची भाकरी गिळवेना. शेवटी काकूनंच मला हिंगोलीहून बोलावलं. "पोरगी वाळून चालली. तुला हिंदी येती, काय पाहिजे तिला ते इचार." पेमानं हातांनी लांबट आकार करून दाखवला. चिनी कोबी, तिच्या आईच्या बागेतली. "मंग बी मागव की माहेराहून! काहून बसून राहिली?" काकू म्हणाली.

बी आलं. पण पेरलं शिमग्यानंतर. गड्डा धरायच्या आत उन्हानं पिवळी फुलं आली. पेमाचे डोळे भरले. काकूनं फुलं खुडून वरणात टाकली. "ही तर मोहरीची बहीण. हिला ऊन सोसत न्हाई. थंडीत पाहू." दिवाळीच्या सुमारास केळीच्या सावलीला पुन्हा वाफा केला. किडीनं पानांची चाळण करायला घेतली, तशी दोघींनी सकाळच्या दवात चुलीतली राख भुरभुरली. या खेपेला उभट, फिकट हिरवे गड्डे भरले. पेमानं पानांचा आलं-लसणाचा रस्सा केला, काकूनं जाड देठं शेंगदाण्याचं कूट लावून परतली. त्या दिवशी पेमानं भाकरी मागून घेतली.

शेजारीण डोकावली, "चीनची भाजी खाऊन राहिले व्हय?"

"चीनची कशाची? माझ्या सुनेच्या माहेरची हाय," म्हणत काकूनं एक गड्डा तिच्या ओटीत घातला. गल्लीत मग नावच पडलं, माहेरकोबी. पुढं पेमाची आई आली, तेव्हा दोघी विहिणी एक अक्षर न कळता दुपारभर वाफ्यात बसून हसत होत्या...

परवा मी गेले होते. चुलीवर रस्सा उकळत होता. काकूला चव बघायला चमचा-वाटी लागायची नाही. ती पळीतून तळहातावर थेंब घ्यायची, चाखून डोळे मिटायची. पेमानं तळहात पुढं केला, थेंब घेतले, डोळे मिटले.

"बराबर," पेमा म्हणाली, अन् ताटं मांडायला उठली.